मदर जोन्स : न्यायाधीशांनी सोडून दिलेली बाई

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणातरी थोर स्त्रीचे चरित्र असते. जिजाऊसाहेब झाल्या, अहिल्याबाई झाल्या, सावित्रीबाई तर दोनदा झाल्या. यंदा ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत, लिहिण्याचा सराव म्हणजे वाणसामानाची यादी आणि भिशीचा हिशेब. तेव्हा चुकलेमाकले पोटात घालावे.

मी निवडलेली बाई आपल्या देशातली नाही. ती का निवडली ते आधी सांगते. २०२१ साली दिवाळीच्या तोंडावर एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला तो तुम्हा सर्वांना आठवत असेलच. महामंडळ राज्य सरकारात विलीन करा, ही त्यांची मागणी होती. मुंबई उच्च न्यायालयाने संपाला मनाई केली, तरी संप थांबला नाही, म्हणून महामंडळाने न्यायालयाच्या अवमानाचा अर्ज केला. शेवटी २०२२ च्या एप्रिलात, २२ तारखेपर्यंत कामावर या असे न्यायालयाने सांगितल्यावर गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या. त्या पाचसहा महिन्यांत आमच्या ओसरीवर रोज वाद होई. आमच्या घरच्यांचे म्हणणे असे की, कोर्टाचा हुकूम तो हुकूम. तो मोडायचा म्हटले तर गरिबाने दाद मागायची कोठे? माझ्या धाकट्या दिरांचे म्हणणे असे की, ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला हुकुमाचा कागद दाखवून काय उपयोग? मी आत भाकरी थापता थापता ऐकत असे. मला दोघांचेही पटे. तेव्हा आमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने सांगितले की, आई, अमेरिकेत एका म्हातारीवर याच गुन्ह्यासाठी खटला झाला होता. ती जशी सांगत गेली तशी मी ऐकत गेले, पुढे आणखीही वाचून घेतले, आणि ती म्हातारी काही मनातून जाईना.

तिचे माहेरचे नाव मेरी हॅरिस. आयर्लंड देशातल्या कॉर्क शहरात तिचा जन्म झाला. चर्चमधील नोंदीप्रमाणे तिचा बाप्तिस्मा १ ऑगस्ट १८३७ रोजी झाला. ती स्वतः मात्र आपला जन्म १८३० सालचा सांगे. बायका वय कमी करून सांगतात असे पुरुष म्हणतात. या बाईने ते सात वर्षांनी वाढवून सांगितले! पिकल्या केसांचा धाक अधिक पडतो, हे तिला कळले असावे.

मेरी लहान असतानाच आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजले आणि मोठा दुष्काळ पडला. लाखो माणसे भुकेने आणि रोगाने मेली, लाखो जहाजात बसून परदेशी गेली. हॅरिसांचे घर कॅनडात टोरांटोला जाऊन राहिले. तेथे मेरी शाळा शिकली आणि शिवणकामही शिकली. पुढे काही दिवस तिने अमेरिकेत शिक्षिकेचे काम केले, काही दिवस कपडे शिवले. मेम्फिस नावाच्या गावी १८६१ साली तिचे लग्न जॉर्ज जोन्स यांच्याशी झाले. ते लोखंडाचे ओतकाम करणारे कारागीर होते आणि आपल्या धंद्याच्या कामगार संघाचे सभासद होते. चार मुले झाली. संसार साधा, पण सुखाचा होता.

१८६७ साली मेम्फिसमध्ये पीतज्वराची साथ आली. डासांमुळे होणारा हा ताप, पण ते तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. ज्यांच्याजवळ पैसा होता ते गाव सोडून गेले. कामगारांच्या वस्तीतले लोक जाणार कोठे? एकामागून एक मेरीची चारही लेकरे गेली. पाच वर्षांच्या आतली सगळी. त्यांच्याबरोबर जॉर्जही गेले. प्रत्येक घरात मयत असल्यामुळे शेजारीपाजारीही येऊ शकत नव्हते, आणि लेकरांची अखेरची आंघोळ तिने एकटीने घातली, असे तिने पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. भगिनींनो, हे वाचून घेताना मी मुलीला थांब म्हणाले आणि उगीचच पाणी प्यायला उठले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आपणही दारे लावून बसलो होतो. मयताला चार खांदे मिळत नव्हते.

तीस वर्षांची ती विधवा शिकागोला गेली आणि शिवणकामाचे दुकान काढून श्रीमंतांच्या बायकांचे झगे शिवू लागली. दुकानाच्या काचेतून दिसे की, बाहेर थंडीत काम नसलेली माणसे कुडकुडत फिरत आहेत, आणि ज्यांचे कपडे आपण शिवतो त्यांना त्याचे काहीच नाही. १८७१ साली शिकागोला प्रचंड आग लागली. त्यात ते दुकानही जळाले. नवरा नाही, लेकरे नाहीत, घर नाही, मशीन नाही. अशा स्थितीत ती कामगारांच्या सभांना जाऊ लागली. मग हळूहळू तिची सारी हयात त्यातच गेली. घर म्हणून तिने पुन्हा केले नाही. आपला पत्ता म्हणजे आपले जोडे, असे ती सांगे. खाणीतले कामगार तिला आई म्हणू लागले, म्हणून ती मदर जोन्स झाली. चार लेकरे गेलेल्या बाईला हजारो माणसे आई म्हणत. मीही इथून पुढे त्यांना मदरच म्हणते.

त्या वेळच्या कोळशाच्या खाणी कशा होत्या ते थोडे सांगायला हवे. खाण कंपनीची, राहायची खोली कंपनीची, किराणा दुकानही कंपनीचे. पुष्कळ ठिकाणी मजुरी रोख न देता त्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठीवर देत. महिनाअखेर हिशेब केला की मजुराकडेच बाकी निघे. आपल्याकडची ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुकादमाची उचल घेतात आणि हंगाम संपला तरी ती फिटत नाही. तशातलाच तो प्रकार. आठदहा वर्षांची पोरे खाणीवर कोळशातले दगड वेचायला बसत. छत कोसळून किंवा स्फोट होऊन माणसे मरत, आणि कंपनीच्या खोलीत राहणाऱ्या विधवेला लवकरच खोली रिकामी करावी लागे.

मदर अशा वस्त्यांतून फिरत. काळा झगा, गळ्याशी पांढरी लेस, डोक्यावर टोपी. दिसायला अगदी देवळात कीर्तनाला निघालेल्या आजीसारख्या. तोंड मात्र तिखट. शिव्या देत असत असेही म्हणतात. बायकांना त्या घरात बसू देत नसत. १८९९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यात आर्नॉट येथे संप मोडायच्या बेतात आला होता. पुरुष थकले होते आणि कंपनी बाहेरून दुसरे मजूर आणणार होती. मदरनी पुरुषांना सांगितले की, तुम्ही घरी राहून पोरे सांभाळा, आणि बायकांना खाणीवर बोलावले. बायका झाडू, पोतेरी, बादल्या, पत्र्याचे डबे घेऊन आल्या. त्यांनी डबे असे काही बडवले की कोळशाच्या गाड्या ओढणारी खेचरे बिथरून पळाली आणि बाहेरच्या मजुरांनीही काढता पाय घेतला. पुढे कित्येक आठवडे बायकांनी तेथे रात्रंदिवस पहारा दिला, कडेवर तान्ही मुले घेऊन. तो संप जिंकला. आपल्या मंडळात दारूबंदीच्या वेळी थाळ्या बडवल्या होत्या, त्याची ज्यांना आठवण आहे त्यांना हे चित्र डोळ्यांपुढे उभे करायला वेळ लागणार नाही.

आता खटल्याकडे येते. १८९४ साली अमेरिकेत रेल्वेचा मोठा संप झाला होता. तेव्हा संप मोडण्यासाठी सरकारने एक नवीन वाट काढली. न्यायालयातून मनाईहुकूम आणायचा. त्यात असे लिहिलेले असे की, कोणीही कामगारांना काम सोडायला सांगू नये, चिथावू नये, पत्र लिहू नये. नुसते तोंडाने समजावून सांगितले तरी हुकूम मोडला असे धरत. हुकूम मोडला की न्यायालयाचा अवमान झाला. अवमानाच्या खटल्यात पंच मंडळी बसत नसत; ज्या न्यायाधीशाने हुकूम काढला तोच तो मोडला की नाही हे ठरवी आणि शिक्षाही तोच देई. रेल्वे कामगारांचे पुढारी युजीन डेब्स यांना अशीच सहा महिन्यांची कैद झाली, आणि १८९५ साली तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तेव्हापासून मालकांच्या हाती हे हत्यारच आले. (आपल्याकडे अवमानाचा कायदा १९७१ सालचा आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असे आहे. हे मुलीने पाहून सांगितले.)

१९०२ सालच्या जूनमध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्यात खाणकामगारांचा संप सुरू झाला. खाण कंपन्यांच्या बाजूने संघराज्याचे न्यायाधीश जॉन जॅक्सन यांनी मनाईहुकूम काढला. हे जॅक्सन फार जुने न्यायाधीश. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी त्यांना १८६१ साली नेमले होते, म्हणजे चाळीस वर्षे ते त्याच खुर्चीवर होते. ज्या वर्षी मेरीचे लग्न झाले त्याच वर्षी ते न्यायासनावर बसले. हुकूम निघाला तरी मदर आणि संघाचे इतर कार्यकर्ते सभा घेतच राहिले. २० जून रोजी क्लार्क्सबर्गजवळ मदरचे भाषण चालू असताना सरकारी माणसे त्यांना पकडायला आली. मदरनी लोकांना शांत राहायला सांगितले, आपले भाषण पुरे केले आणि मग त्या त्यांच्याबरोबर गेल्या. किती धीमी बाई म्हणावी! मला तर नुसते ग्रामसभेत बोलायला उभे राहिले तरी घाम फुटतो.

पकडलेल्या सर्वांना आगगाडीने पार्कर्सबर्गला नेले. म्हातारी बाई म्हणून मदरची सोय हॉटेलात करण्याचा अधिकाऱ्यांचा विचार होता. माझी पोरे कोठे राहणार आहेत, असे त्यांनी विचारले. ती तुरुंगात जाणार असे कळल्यावर त्याही तुरुंगातच गेल्या. तुरुंगाधिकाऱ्याच्या बायकोने त्यांना चांगले वागवले, असे त्यांनी लिहिले आहे.

पुढच्या महिन्यात खटला चालला. सरकारी वकिलांनी मदरकडे बोट दाखवून ही या देशातली सर्वांत घातकी बाई आहे असे सांगितले, ही गोष्ट आजही सांगतात. अमेरिकेत त्या याच नावाने ओळखल्या जातात. मदर आत्मचरित्रात लिहितात की, त्यांनी राज्य सोडून जायचे आणि परत यायचे नाही असे कबूल केले तर दया दाखवावी, असेही वकिलांनी सुचवले. मदरनी ते नाकारले. मी दया मागायला आले नाही, न्याय मागायला आले आहे, आणि या राज्यातले एकही लेकरू भाकरीसाठी मला थांब म्हणत असेल तोवर मी येथून जाणार नाही, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर होते.

२४ जुलै रोजी न्यायाधीशांनी निकाल दिला. इतर कार्यकर्त्यांना अवमानाबद्दल कैद झाली, बहुतेकांना साठ दिवसांची. मदरवरचा गुन्हाही शाबीत धरला. पण शिक्षा मात्र तहकूब ठेवली. त्यांना हुतात्मा व्हायचे आहे आणि ती संधी आपण देणार नाही, असा न्यायाधीशांचा विचार होता. वर त्यांनी उपदेशही केला. देवाने स्त्रियांसाठी जो मार्ग नेमून दिला आहे त्याने त्यांनी जावे, गोरगरिबांसाठी दानधर्माची, सेवेची कामे करावीत, ती स्त्रीला शोभतात, अशा आशयाचा तो उपदेश होता. आणि मदरना सोडून दिले.

मला या खटल्यात हीच जागा पुन्हा पुन्हा ऐकाविशी वाटली. वरवर पाहिले तर न्यायाधीश दयाळू वाटतात. पासष्टीच्या बाईला कशाला तुरुंगात धाडायचे? पण मला असे वाटते की, त्या सुटकेने मदरना तुरुंगापेक्षा जास्त बोचले असेल. पोरांनी जे केले तेच त्यांनी केले होते; त्या तर सर्वांच्या पुढे होत्या. पुरुषांचे बोलणे हुकूम मोडण्याइतके मोठे, आणि बाईचे तेच बोलणे घरी जा म्हणण्याइतके लहान? शिक्षाही बरोबरीची मिळाली नाही. आपल्यापैकी ज्या कोणी वाटणीच्या, बांधाच्या भानगडीत चावडीवर बोलायला गेल्या असतील त्यांना हे समजेल. कोणी रागावत नाही, उलट, वहिनी तुम्ही कशाला उन्हात आलात, असे मायेने म्हणतात; आणि आपण काय बोललो ते कोणी ऐकलेलेच नसते.

आणि दानधर्माचे म्हणाल, तर मेम्फिसच्या साथीत स्वतःचे घर रिकामे झाल्यावर मदर दुसऱ्या घरांतल्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. तो मार्ग त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तो पुरा पडत नाही, हे पाहूनच त्या पुढे गेल्या होत्या.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. राज्याच्या त्या भागातला संप फसला. हुकूम मोडून, तुरुंगात जाऊनही क्लार्क्सबर्गकडच्या खाणकामगारांच्या पदरात त्या वेळी काही पडले नाही. आमच्या घरच्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, मग झाले काय? मी म्हटले, दहा वर्षे थांबा.

ती दहा वर्षेही मदर काही बसून नव्हत्या. १९०३ साली फिलाडेल्फियाच्या कापड गिरण्यांत संप झाला. तेथे हजारो लहान मुले कामाला होती. कोणाचे बोट यंत्रात तुटलेले, कोणाचा पंजाच गेलेला. मदरनी ७ जुलै रोजी अशा मुलांची दिंडी काढली. दिवसा चालायचे, वाटेतल्या गावी सभा घ्यायची, लोक देतील ते खायचे. जवळजवळ तीन आठवडे चालून ते ऑयस्टर बे येथे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या घरापर्यंत गेले. राष्ट्राध्यक्ष भेटले नाहीत. पण वाटेतल्या लोकांनी त्या मुलांचे हात पाहिले ते पाहिलेच, आणि दोन वर्षांनी पेनसिल्व्हेनियाने बालमजुरीचा कायदा अधिक कडक केला. आपल्याकडून दरवर्षी पंढरीला दिंडी जाते, नर्सीला नामदेवांच्या दर्शनाला लोक पायी जातात. पायी चालण्यात काय बळ आहे ते आपल्याला निराळे सांगायला नको.

१९१२ साली वेस्ट व्हर्जिनियाच्या दुसऱ्या भागात खाणकामगारांचा संप पेटला आणि ज्यांना राज्य सोडा म्हटले होते त्या मदर पुन्हा तेथेच हजर झाल्या. या वेळी लष्करी कायदा लागू होता. १९१३ च्या फेब्रुवारीत त्यांना धरून लष्करी न्यायालयापुढे उभे केले. नागरिकांवर खटला चालवण्याचा तुम्हाला अधिकारच नाही, असे म्हणून त्यांनी बाजू मांडायचेच नाकारले. वय पंचाहत्तर, त्यात न्यूमोनिया. सुमारे तीन महिने त्यांना एका घरात पहाऱ्यात ठेवले होते. अखेर अमेरिकेच्या सिनेटमध्ये हा विषय निघाला, आणि नव्या गव्हर्नरांनी त्यांना सोडले. या वेळी कोणी दानधर्माचा उपदेश केला नाही. सिनेटने त्या खाणींची चौकशी लावली.

लगेच पुढच्या वर्षी कोलोरॅडो राज्यात तोच प्रकार. तेथून त्यांना बाहेर काढले की त्या परत येत. मग आधी एका इस्पितळात आणि नंतर तळघरातल्या कोठडीत त्यांना डांबले. तेथे उंदीर इतके की हाताशी बाटली घेऊन बसावे लागे. २० एप्रिल १९१४ रोजी त्याच राज्यात लडलो येथे संपकऱ्यांच्या तंबूंना आग लावण्यात आली, आणि तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन बायका आणि अकरा मुले गुदमरून मेली. यावर जास्त लिहवत नाही.

मदरचे सगळेच मला पटते असे नाही. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून तिकडे मोठी चळवळ चालली होती, तिला त्यांनी साथ दिली नाही. मत नसले तरी लढता येते, असे त्या म्हणत. आता त्यांच्यासारख्या बाईला येत असेल. सगळ्यांना कसे येणार? १९५२ च्या निवडणुकीत माझ्या आजेसासूबाईंनी बोटाला शाई लावून घेतली, तेव्हा त्यांना घरात कोणी काही विचारीत नव्हते. पण त्या एका दिवशी विचारले. ती शाई त्यांनी चार दिवस घासू दिली नाही, असे सासूबाई सांगत. हे मदरना कोणीतरी सांगायला हवे होते.

१ मे १९३० रोजी मेरीलँड राज्यातल्या एका शेतावरील घरी त्यांचा शंभरावा वाढदिवस साजरा झाला. नोंदीप्रमाणे तेव्हा त्या ब्याण्णव वर्षांच्या होत्या, पण त्याची कोणी चौकशी केली नाही. ज्यांच्या कंपनीविरुद्ध त्या कोलोरॅडोत लढल्या त्या रॉकफेलरांनीही शुभेच्छा पाठवल्या. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला त्या गेल्या. पुढे सव्वा वर्षाने, १९३२ च्या मार्चमध्ये, अमेरिकेत कायदा झाला की, संपाच्या तंट्यात संघराज्याच्या न्यायालयांनी असे सरसकट मनाईहुकूम काढू नयेत, आणि हुकूम मोडल्याचा आरोप असेल तर आरोपीला पंचांपुढे खटला मागता यावा. पार्कर्सबर्गच्या खटल्याला तेव्हा तीस वर्षे होत होती. मुलीने हे वाचून दाखवले तेव्हा घरचे ओसरीवरच होते. ते म्हणाले, म्हणजे कायदाच बदलला की. दीर म्हणाले, म्हणजे आधीचा हुकूम चुकीचा होता की. दोघेही अजून आपापल्या जागी आहेत.

मदरनी आपल्याला कोठे पुरावे हे आधीच सांगून ठेवले होते. इलिनॉय राज्यात माउंट ऑलिव्ह गावी खाणकामगारांची स्वतःची दफनभूमी आहे. १८९८ साली व्हर्डन येथे संपाच्या वेळी गोळ्या लागून जे खाणकामगार मेले, त्यांतले काही तेथे आहेत. आपल्या त्या पोरांजवळच आपल्याला ठेवा, असे त्यांचे सांगणे होते, आणि त्याप्रमाणे त्यांना तेथेच ठेवले आहे.